तारदुर्गचा बैल

माझी नात सई बंगळूरातच कोरमंगलाला राहते आणि खेळांना मार्क देते. मुलांना नव्हे, खेळांना. संगणकावर देशोदेशीची माणसं एकत्र येऊन सोंगं घेतात, कुणी राजा होतो, कुणी चेटकीण, कुणी तलवारबहाद्दर, ते खेळ. नवा खेळ आला की सई तो खेळते, त्यावर लिहिते आणि शेवटी दोन रकाने भरते. एक पहिल्या छापेचा, दुसरा टिकाऊ गोडीचा. दोन्हींना दहापैकी मार्क.

"एक खेळ किती दिवस खेळतेस गं?" मी विचारलं.

"दिवस? आजी, एक दुपार. फारच मोठा असेल तर दीड."

"मग ती टिकाऊ गोडी कशी कळते?"

"अंदाज येतो."

अंदाज येतो! माझ्या हातातला चहा बशीत सांडला. सकाळी घातलेलं लोणचं संध्याकाळी चाखायचं आणि बरणीवर चिठ्ठी लावायची, वर्षभर टिकेल, दहापैकी सात! वर ही बया मला समजावते, "तुमच्या वेळी ऑनलाइन वगैरे काही नव्हतं ना, म्हणून तुला ते विचित्र वाटतं."

आमच्या वेळी नव्हतं? सई जन्मायच्या तीस-पस्तीस वर्षं आधी मी राजाजीनगरातल्या एका कारखान्यात बसून, पुण्याच्या आणि हुबळीच्या माणसांबरोबर, तारेवर एक अख्खं संस्थान चालवत होते. त्याचं तळं, त्याचे हत्ती, त्याचा बैल आणि एक बिनकामाची राणी. राणी अर्थात मी.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'पहिल्या नोकरीतले प्रेरणादायी अनुभव' लिहायला सांगितले आहेत. प्रेरणा हवी असेल त्यांनी पान उलटावं. मला राग काढायचा आहे. तो साठ वर्षं मंद आचेवर आहे, आता चांगला आटला असेल.

कारखाना पाण्याचे पंप बनवायचा. नाव सांगत नाही. पन्नासचं दशक संपत आलं होतं, माझं इंटर झालं होतं, आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाला तरी सांगून मला तिथे टेलिफोनच्या बोर्डावर चिकटवलं. बोर्ड म्हणजे काय ते आताच्या लोकांना सांगावं लागेल. भिंतीएवढं लाकडी कपाट, त्यात ओळीने भोकं, भोकांवर पत्र्याच्या छोट्या पापण्या. कारखान्यात कुणी फोनचं हँडल फिरवलं की त्याची पापणी खट्‌कन पडायची. मग मी दोरीचं पितळी टोक त्या भोकात खुपसायचं, कोण हवंय विचारायचं, आणि जोडीची दुसरी दोरी त्याच्या भोकात. कानांवर हेडसेट. त्याच्या वजनाने अंबाडा एका बाजूला कलंडायचा तो घरी जाईपर्यंत.

कारखान्याच्या आतले फोन हे अर्धं काम. उरलेलं अर्धं शाखांचं. पुण्याला आणि हुबळीला कंपनीच्या शाखा होत्या आणि दोन्हीकडे दिवसभरासाठी भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन होती. बोला किंवा बोलू नका, लाइन तुमचीच. पण ती लाइन म्हणजे रानावनातून गेलेली तांब्याची तार. कुठे झाड पडायचं, कुठे तारच चोर कापून न्यायचे. लाइन मेलेली आहे हे कळायचं कधी, तर मोठ्या साहेबांना नेमकं बोलायचं असेल तेव्हा. आणि बोलणी कुणी खायची, तर बोर्डावरच्या मुलीने. म्हणून नियम होता, दर अर्ध्या तासाने लाइन बघायची.

"हुबळी, ऐकू येतंय?"

"येतंय."

"पुणे, ऐकू येतंय?"

"येतंय."

बस, एवढंच. आणखी एक रीत होती, बोर्डावरच्या माणसाने नाव सांगायचं नाही. आम्ही एकमेकांसाठी गावंच. मी बंगळूर, ती हुबळी, तो पुणे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानात येणारी ही माणसं, आणि चेहरा नाही, नाव नाही, वय नाही. सईबाई, तुमच्या खेळात असंच असतं ना?

सुरुवात पुण्याने केली. कंटाळलेला असणार. एका दुपारी मी नेहमीसारखं विचारलं, "पुणे, ऐकू येतंय?" तर पलीकडून खर्जातला आवाज आला, "आम्ही तारदुर्ग संस्थानचे महाराज रणधुरंधर बोलतो आहोत. प्रजेचं क्षेमकुशल आहे ना?"

काय आवाज होता तो! तांब्याच्या घंगाळावर हलकेच टोला द्यावा तसा. माझ्यातल्या गाढवीने क्षणाचाही विचार केला नाही. "महाराज, आम्ही राणी मदनमंजिरी," मी म्हणाले. हे नाव मला सुचलं कुठून, देव जाणे. आज उच्चारताना दातांची कवळी निसटते.

मी मधली असल्यामुळे पुण्याची आणि हुबळीची दोरी एकत्र जोडू शकत होते. मग तिघं एकमेकांना ऐकू यायचे. मी हुबळीला दरबारात ओढलं. "हुबळी, तुम्ही कोण होणार? सेनापतीची जागा रिकामी आहे."

हुबळीचा आवाज म्हणजे उन्हात वाळलेला पापड. चढ नाही, उतार नाही. ती म्हणाली, "मी पाणी आणते."

"म्हणजे दासी?"

"दासी कशाला? पाणी आणणारी. राज्य म्हटलं की पाणी कोणीतरी आणाय लागतंय की हो, बाई. माझ्याकडं एक बैल हाय. बसव्या म्हणतात. त्याच्या पाठीवर पखाल."

महाराज हसले. मीही हसले. महाराज हसले म्हणून हसले, हे जास्त खरं.

पुढचे काही आठवडे तारदुर्गात नुसती धमाल होती. महाराज रोज एक किल्ला सर करायचे. दर अर्ध्या तासाला मला काहीतरी मिळायचं, कधी पाचूचा हार, कधी हत्ती. पांढऱ्या हत्तीचं नाव ऐरावतराज. मी घरून जॉर्जेटची साडी नेसून निघायला लागले. परराज्यात बसलेल्या माणसाच्या आवाजासाठी ही मुलगी लाकडी कपाटासमोर जॉर्जेट नेसून आणि पावडर लावून बसायची! आई विचारायची, आज कारखान्यात कुणाचं लग्न आहे का? सईच्या पहिल्या रकान्यात मी त्या खेळाला दहापैकी अकरा दिले असते.

आणि या सगळ्या वैभवात हुबळीचं दर वेळी एकच.

"तळ्याचं पाणी एक पायरी उतरलं."

"बसव्याच्या पुढच्या उजव्या खुरात खडा गेलाय."

"अक्का, जरा रंगतदार काही बोला ना," मी वैतागून म्हणायचे. आवाजावरून ती मोठी वाटायची, म्हणून अक्का.

"सरी," म्हणजे बरं, ती म्हणायची. आणि अर्ध्या तासाने, "खडा निघाला."

मग महाराजांचं जिंकून झालं. खरंच झालं. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत काही उरलंच नाही. खर्जातला आवाज जांभया द्यायला लागला. "पुणे, ऐकू येतंय?" "येतंय." एवढंच. मी आपली हार गळ्यात घालून बसलेली. मला वाटलं, महाराज आजारी आहेत. तुळशीला नमस्कार करताना मी त्यांच्यासाठीही एक केला.

एके दिवशी पुण्याकडून लाइन उघडीच राहिली. तो माझी कळ बंद करायला विसरला आणि मुंबईच्या ऑफिसशी बोलायला लागला. तिथल्या बोर्डावर एक मुलगी होती. महाराज खर्ज लावून तिला सांगत होते, "राणीसाहेब, आज आपल्याला पांढरा हत्ती नजर करतो आहोत. नाव ऐरावतराज."

तोच हत्ती! मेल्याने नावसुद्धा बदललं नव्हतं.

मी दोरी इतक्या जोराने उपटली की पितळी टोक दिव्यावर आपटलं. नंतर वॉशरूममध्ये जाऊन रडले. जॉर्जेटला पाण्याचे डाग पडतात हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी हुबळीला कोरडेपणाने म्हटलं, "ऐकू येतंय?"

"येतंय. बाई, एक विचारू? हत्ती किती झाले आपल्याकडं?"

"अक्का, मोडलं ते राज्य. महाराज गेले."

"महाराज गेले ते बरं झालं. हत्ती हायेत न्हवं? ते पाणी किती पितात ठाऊक हाय का? तळं आटत चाललंय. मी आणि बसव्या, किती खेपा करू?"

 जिंकलेल्या हत्तींना पाणी लागतं हे त्या दरबारात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"विकूया का एखादा?" मी म्हटलं.

"घेणार कोण? सगळे राजे तर तुमी हरवून बसला."

खेळ खरा तिथून सुरू झाला. हत्ती विकता येईनात म्हणून त्यांना तळ्यातला गाळ काढायच्या कामाला लावलं. गाळ कुठे टाकायचा यावरून कुंभारांशी भांडण. कुंभार म्हणाले, गाळ आमचा. कोळी म्हणाले, मग मासेही तुमचेच का? राणीने निवाडा द्यायचा. मी आधी ऐटीत निवाडा दिला, तो इतका मूर्खपणाचा निघाला की पुढचा महिनाभर तो निस्तरण्यात गेला. राणी मदनमंजिरी हळूहळू मंजाबाई झाली. पाचूचे हार बांधाला लावलेल्या मजुरांच्या भाकरीत गेले. बसव्याचा खूर कधी बरा, कधी वाईट. घरी जेवताना मी अप्पांना विचारायचे, तळ्याचा बांध पाझरला तर काय करतात? अप्पांना वाटायचं, मुलगी कामात फार रस घेते.

लाइन मात्र एकदाही नकळत मेली नाही. मरेल कशी? अर्धा तास व्हायची वाट कोण बघतंय! पाच मिनिटं रिकामी मिळाली की मीच विचारायचे, "कुंभार काय म्हणाले?" कामाचा फोन आला की तळं जागच्या जागी सोडायचं, साहेबांना जोडून द्यायचं, आणि परत तिथूनच उचलायचं. एकही फोन आमच्यामुळे खोळंबला नाही. हे मी ठासून सांगते, कारण पुढे जे झालं ते 'हे काम नव्हे' असं सांगून झालं.

दोन वर्षांनी इनामदार साहेब आले. कामाचं मोजमाप करायला कंपनीने नेमलेले अधिकारी. धारवाडकडचे, मराठी आणि कन्नड दोन्ही घरचं. गळ्यात स्टॉपवॉच. ते एका दुपारी माझ्या बोर्डाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि जादा हेडसेट कानाला लावला.

आणि एकाच दुपारीत सगळं कळलं त्यांना!

"मिस देसाई, दोन पगारी बायका एका नसलेल्या बैलाच्या खुराबद्दल बोलतायत. हे काय आहे?"

"साहेब, लाइन जागी ठेवतो."

"त्याला हॅलो पुरतं. हुबळीचे फोनही कमी आहेत. महिन्याअखेर ती लाइन बंद करायचा विचार आहे. त्या बाईंची गरज उरणार नाही. तुमची नोकरी राहील."

तुमची राहील, हे असं म्हणाले की जणू मी पेढे वाटावेत.

"एका दुपारीत काय कळतं साहेब? महिनाभर ऐका की!"

"ऐकेन," ते म्हणाले, आणि खरोखरच स्वतःच्या केबिनमध्ये आमच्या लाइनवर एक जादा फोन जोडून घेतला.

मी हुबळीला सांगितलं. वाटलं, नेहमीसारखं 'सरी' म्हणेल. पण नाही.

"बाई," ती म्हणाली, "खेळातलं न्हवं, खरं बोलू? मी नवऱ्याचं घर सोडून आले. भावाच्या दारी तीन वर्षं काढली. भावजय भाकरी मोजून वाढायची. ही नोकरी लागली तवा मी एक खोली घेतली. माझी खोली. दाराला माझी किल्ली. ही नोकरी गेली तर मी परत त्या दारी जाणार."

दोन वर्षांत तिने स्वतःबद्दल सांगितलेलं एवढंच. मी घाबरून म्हटलं, "अक्का, मग आता खेळ बंद. नुसतं ऐकू येतंय, येतंय."

"बसव्याला कुठं सोडू?" ती म्हणाली.

आता ऐका माझी अक्कल. मला वाटलं, साहेब ऐकतायत, तर त्यांच्यावर छाप पाडावी. तारदुर्ग त्यांना आवडलं की अक्का वाचली. म्हणून मी ठेवणीतलं सगळं बाहेर काढलं. परकीय आक्रमण आणलं. तोफा आणल्या. राणी घोड्यावर बसली, तलवार उपसली, लांबलचक भाषण केलं. कँटीनमधला अण्णा कॉफी घेऊन आला होता, तो तिथेच थबकला आणि म्हणाला, "अम्मा, स्वल्प मेल्लगे," म्हणजे जरा हळू. हुबळी मध्येमध्ये म्हणायची, "बाई, बांध पाझरतोय," पण मी कुठली ऐकते! मी गडाचा बुरूज लढवत होते.

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी इनामदार साहेब केबिनमधून तरातरा बाहेर आले. मला वाटलं, आता टाळ्या.

"मिस देसाई, ते युद्धबिद्ध पुरे झालं हो," ते चिडून म्हणाले. "बसव्याच्या खुराचं काय झालं?"

बोलून गेले आणि कानशिलापर्यंत लाल झाले. स्टॉपवॉच उगाच दाबलं.

 हा माणूस अडकला होता! पुरावा गोळा करायला बसला आणि तळ्यात पडला. मग मी तोफा गुंडाळल्या. अक्काने बसव्याच्या खुराला डिंक आणि हळद लावली. चार दिवसांनी साहेब जाता जाता म्हणाले, "बांधाला आतून चिकणमातीचा थर द्यायला सांगा त्यांना." पुढच्या आठवड्यात तर लाइनवर तिसराच आवाज आला, "मी शेजारच्या गावचा पाटील बोलतोय. तुमच्या तळ्याचं पाणी आमच्या शिवारात शिरतंय." मी तोंडात पदर कोंबला. अक्काने मात्र पाटलाला उभं केलं आणि त्याच्या पाटाची पार उलटतपासणी केली.

मी घरी जाऊन आईला सांगितलं, एका बाईची खोली वाचली.

महिनाअखेरीला फलकावर नोटीस लागली. हुबळीची लाइन शनिवार दुपारपासून बंद.

मी हेडसेटसकट केबिनमध्ये घुसले. दोरी मागे लोंबत होती.

"साहेब, तुम्ही रोज ऐकत होता!"

"होतो."

"तुम्हाला आवडत होतं!"

"आवडत होतं," ते म्हणाले. आवाज अगदी शांत. "म्हणूनच तर. मी सकाळी कामावर यायची वाट बघायला लागलो, मिस देसाई. ज्याची आपण वाट बघतो ते कंपनीचं काम कसं असेल?"

वाचा परत ते वाक्य. मी गेली साठ वर्षं वाचतेय आणि दर वेळी माझ्या कानामागे तापतं. गोडी लागली, म्हणून ते काम नव्हे! कंटाळा येत असता तर चाललं असतं! नुसतं हॅलो म्हणणाऱ्या दोन मेंगळट मुली असत्या, तर त्यांना वाटलं असतं, वा, काय शिस्त आहे. त्यांना पंप विकायचे होते, आणि तळ्याची काळजी करणारी बाई नको होती! मी त्यांना यातलं काही म्हणाले का? नाही. मी "बरं साहेब" म्हणाले आणि दोरीत पाय अडकून धडपडत बाहेर आले. हे सगळं मी आता, या पानावर म्हणतेय. उशीर झाला, पण म्हणून झालं.

शनिवारी दुपारी लाइन शेवटची बघायची होती. 

"हुबळी, ऐकू येतंय?"

"येतंय. बाई, बसव्या दावं तोडून गेला."

"काय? कुठे गेला?"

"बघते," ती म्हणाली. आणि लाइन बंद झाली.

मला भयंकर राग आला. निरोपाचा एक शब्द नाही, आणि वर बैलही हरवला! मी सोमवारी तशीच फुगून बोर्डावर बसले होते. अकराच्या सुमारास इनामदार साहेब आले. कागद बघितल्यासारखं केलं.

"मिस देसाई, तो बैल... सापडला का?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अक्काला ठाऊक होतं, केबिनमध्ये कोण कान लावून बसलंय. शेवटचं वाक्य माझ्यासाठी नव्हतंच.

"माहीत नाही, साहेब," मी अत्यंत नम्रपणे म्हणाले. "बातमी हुबळीहून येते. लाइन बंद आहे."

दुसऱ्या आठवड्यात परत. "तुम्हाला काही अंदाज असेलच ना?"

"छे! राणीला काय कळतंय, साहेब? बैल अक्काचा."

पुढे त्यांनी स्वतःच सुचवून बघितलं. कुंभारांनी बांधून ठेवला असेल का? शेजारच्या पाटलाने नेला असेल म्हणावं, तर पाटील ते स्वतःच होते. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "बातमी हुबळीहून येते." पावसाळा असाच गेला. मला मजा येत होती, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की अक्का भावाच्या दारी मोजलेली भाकरी खात असेल, आणि माझ्याकडे तिचा पत्ता सोडा, नावसुद्धा नाही.

दिवाळीनंतर साहेब हुबळीला 'शाखेच्या पाहणीसाठी' गेले. परत आले ते तोंड मिटून. आठवडाभराने हुबळीची पापणी खट्‌कन पडली.  दोरी भोकात जाईना.

"हुबळी? ऐकू येतंय?"

"येतंय," वाळलेला पापड म्हणाला. "तळ्याचं पाणी तीन पायऱ्या वर आलंय. आणि बाई, तुमचे साहेब येऊन गेले."

ते अक्काच्या भावाच्या घरी गेले होते. कट्ट्यावर बसले, ताक प्याले, पंपांच्या खपाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. उठता उठता चपलेत पाय सरकवत हळूच विचारलं, बैलाचं काय झालं?

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, साहेब, इथं भावाच्या दारात बसून मला तारदुर्ग दिसतच न्हाई बघा. माझ्या खोलीत असते तवा दिसतंय."

"आणि खोली?"

"घरमालकानं दुसऱ्या कुणाला दिली न्हवती. किल्ली परत माझ्याकडं हाय."

मी हेडसेट काढून ठेवला, डोळे पुसले, परत घातला.

"आणि बसव्या?"

"माग लागलाय," ती म्हणाली. केबिनच्या दाराशी कुणाची तरी खुर्ची करकरली.

आता माझ्या रागाचा शेवटचा हप्ता. वर्षअखेरीच्या समारंभात इनामदार साहेबांचा सत्कार झाला. 'मृतप्राय हुबळी शाखेत नवं चैतन्य आणल्याबद्दल.' चंदनाचा हार, शाल, श्रीफळ. लाइन त्यांनी बंद केली आणि त्यांनीच चालू केली, मधल्या चैतन्याची मालकीण हुबळीत बोर्डावर बसलेली! मी पहिल्या रांगेत होते आणि टाळ्या वाजवत होते, कारण मी तेव्हा तशीच होते. पण हार घालून घेताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. नाही साहेब, अजून नाही सापडला.

बासष्टच्या की त्रेसष्टच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडली. तिथेही मला बघायला आलेल्यांनी पोहे संपेपर्यंत पसंती सांगितली होती, पण तो राग वेगळा, त्याला वेगळा अंक लागेल. शेवटच्या दिवशी अक्काने मला, राणीला म्हणून, बसव्या कुठे होता ते सांगितलं. केबिनमधला फोन त्या वेळी खाली ठेवलेला आहे याची आधी खात्री करून घेतली. मी तिला नाव विचारणार होते. ओठांवर आलं होतं. पण रीत मोडवेना, आणि पापण्या पडायला लागल्या, आणि मी "बरं अक्का" म्हणून दोरी काढली. पुढे हुबळीवरून कितीदा गाडीने गेले, पण फलाटावरच्या हजार बायकांत पापडासारख्या आवाजाची बाई ओळखणार कशी? कुणी बोललंच नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी सईला वाचायला दिलं. तिने सोफ्यावर पाय घेऊन एका दमात वाचून काढलं.

"आजी! मग बैल कुठे होता?"

"आधी मार्क दे. पहिली छाप?"

"दहा. नाही, अकरा. बैल कुठे होता?"

"टिकाऊ गोडी?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. अंदाज येईना, वाटतं.

एरवी ही मुलगी कोरमंगलाहून राजाजीनगरला सणासुदीलाच उगवते. ट्रॅफिक असतो म्हणे. तेव्हापासून दर रविवारी येतेय. येते, चप्पल काढते आणि दारातूनच विचारते. मी चहा टाकते आणि सांगते, माग लागलाय.